चमकतं ते सगळं रेडियम नव्हे

नाशिकमध्ये गॅरेजांच्या कुठल्याही रांगेत ‘रेडियम’चं एक दुकान हमखास असतं. तिथे रंगीत शीट कापून गाडीचे नंबर काढतात, रिक्षाच्या काचेवर मुलांची नावं चिकटवतात, उसाच्या आणि कांद्याच्या ट्रॉलीमागे लाल-पांढऱ्या पट्ट्या लावतात. हे सगळं रेडियम. पोरांच्या खोलीत छताला चिकटवायचे तारेही रेडियमचे आणि आजोबांच्या गजराच्या घड्याळाचे हिरवे काटेही रेडियमचेच. जिथे हा शब्द बसत नाही तिथे दुसरा तयार असतो, फॉस्फरस. मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांमध्ये मुलाने प्रश्न विचारला की बाप सांगतो, ‘त्यांच्या पोटात फॉस्फरस असतो.’ गावाबाहेर रात्री कुठे उजेड हलताना दिसला, तर भूत मानणारे भूत म्हणतात आणि न मानणारे म्हणतात, हाडांतला फॉस्फरस पेटला.

हे मत शिकलेल्या माणसांचं आहे. शाळेत विज्ञान घेतलेला, अंधश्रद्धेची चीड असणारा माणूस ते ठामपणे सांगतो आणि ऐकणारा गप्प होतो. म्हणून त्याचा नीट समाचार घेणं गरजेचं आहे. भुताची गोष्ट निदान गोष्ट म्हणून तरी ओळखू येते. विज्ञानाचा वेश घेतलेली चूक ओळखू येत नाही आणि ती प्रश्नच बंद करून टाकते.

पूर्वपक्ष

खंडनाआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावं, ही आपल्या वादपरंपरेची शिस्त आहे. ती पाळू.

पूर्वपक्ष म्हणतो: फॉस्फरस अंधारात चमकतो, ही कल्पना हवेतून आलेली नाही. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने मूत्र आटवून, तापवून जो पांढरा मेणचट पदार्थ मिळवला, तो खरोखर अंधारात हिरवट उजळत होता. त्याचं नावच ‘प्रकाश वाहणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. रेडियमचंही तसंच. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये ते शोधलं आणि त्याचे क्षार त्यांच्या शेडमध्ये रात्री निळसर उजळताना पाहिले. पुढे अनेक दशकं घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवल्या गेल्या. मग या दोन शब्दांनी जनता बोलली तर काय चुकलं? शिवाय शब्द असेच रुळतात. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. तरी निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते एकेक वस्तू हातात घेऊन पाहू.

पट्टी आणि तारा

सुरुवात दुकानातल्या पट्टीपासून. तिचा एक तुकडा आणि छताला लावायचा एक तारा असे दोन्ही आणा. दोन्ही ट्यूबलाइटखाली पाच मिनिटं ठेवा आणि मग कपाटात ठेवून दार लावा. फटीतून पाहा. तारा हिरवट दिसत राहील. पट्टी दिसणारच नाही. तिच्यात स्वतःचा प्रकाश नावाला नाही.

आता मोबाइलचा टॉर्च डोळ्यालगत, कानशिलाजवळ धरा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर लावलेल्या पट्टीकडे बघा. ती पेटल्यासारखी दिसेल. तोच टॉर्च दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला चार पावलं बाजूला उभं करा. टॉर्च पट्टीवरच पडतोय, पण तुम्हाला ती साध्या कागदासारखी मंद दिसते. टॉर्चवाल्याला मात्र आता ती झळकताना दिसते. या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा इवलेसे लोलक बसवलेले असतात. ते आलेला किरण आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून ज्याच्या डोळ्याजवळ दिवा आहे त्यालाच ती दिसते. दिव्यापासून डोळा बाजूला गेला की खेळ संपला.

निफाड-सिन्नरच्या उसात रात्री बिबट्याचे डोळे ‘पेटलेले’ दिसतात तेही याच कारणाने. बिबट्या, मांजर, कुत्रा, गाय, शेळी यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश तो पुन्हा पडद्यावर टाकतो, म्हणजे अंधुक उजेडात जनावराला अधिक दिसतं. त्यातला थोडा प्रकाश तुमच्या बॅटरीकडे परततो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. गोठ्यातल्या गाईच्या डोळ्यांत काही रेडियम भरलेलं नसतं, हे सांगण्याची गरज नाही. पण ट्रॉलीवरची पट्टी गाईच्या डोळ्याच्या जातीची आहे, हे मात्र सांगावं लागतं.

आता छताचा तारा. तो पट्टीसारखा नाही, त्याने प्रकाश साठवून ठेवला आहे. त्यातही रेडियम नाही. स्वस्त ताऱ्यांमध्ये तांब्याचा अंश मिसळलेलं झिंक सल्फाइड असतं आणि चांगल्या ताऱ्यांमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम या दुर्मिळ मृदा धातूंचा किंचित अंश घातला की उजेड कितीतरी तास टिकतो, हे जपानमधल्या नेमोटो कंपनीने १९९० च्या दशकात दाखवलं. आजच्या घड्याळांचे काटे बहुधा याच मसाल्याने चमकतात.

राहिलं आजोबांचं घड्याळ. ते फार जुनं असेल, तर या सगळ्या यादीत खरं रेडियम असण्याची शक्यता त्या एकाच वस्तूत आहे. आणि नेमकं तेच आता चमकत नाही! रेडियम संपलं म्हणून नव्हे. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. त्या रंगातही उजेड देण्याचं काम झिंक सल्फाइड करत असे. रेडियम फक्त कणांचा मारा करून त्याला ऊर्जा पुरवत असे. त्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही दशकांत निकामी झाले. म्हणजे जिथे रेडियम आहे तिथे उजेड नाही आणि जिथे उजेड आहे तिथे रेडियम नाही. ‘रेडियम म्हणून चमकतं’ या विधानाला यानंतर कुठे उभं राहायचं?

स्फुरदाची साक्ष

फॉस्फरसच्या पक्षाला नाशिकच्या शेतकऱ्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही. फॉस्फरस म्हणजे आपल्या शेतीच्या भाषेत स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पाठ असतं. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातले ४६ स्फुरदाचे. छाटणीनंतर ठिबकातून ०:५२:३४ सोडतात, त्यातले ५२ स्फुरदाचे. स्फुरद जात्याच चमकत असता, तर दिंडोरीचे मळे रात्रभर उजळले असते आणि खताच्या गोदामात दिवा लावायची गरज उरली नसती. पोतं फोडून अंधारात कितीही वेळ बघा. काही दिसत नाही.

याचं कारण सरळ आहे. ब्रँडच्या बाटलीत जो चमकत होता तो मोकळा, पांढरा फॉस्फरस. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग सावकाश होत राहतो आणि त्या क्रियेत उजेड बाहेर पडतो. खतात, दुधात, हाडात असतो तो फॉस्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन गेलेला. पांढरा फॉस्फरस हे लाकूड मानलं, तर फॉस्फेट ही राख आहे. राख पुन्हा पेटत नाही.

स्मशानातल्या उजेडाचं ‘हाडांतला फॉस्फरस’ हे स्पष्टीकरण इथेच कोसळतं. हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं असतं. त्यातून मोकळा फॉस्फरस काढता येतो, पण त्यासाठी कोळसा आणि वाळू घालून हजार अंशांच्या वर भट्टी तापवावी लागते. मातीत पडलेलं हाड ते काम आपणहून करत नाही. भूत नाकारणाऱ्याने भुताच्या जागी हाडातला फॉस्फरस बसवला, तर त्याने एका न तपासलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी न तपासलेली गोष्ट ठेवली. विवेकाचं काम एवढ्यावर भागत नाही.

आणि फॉस्फरसच्या नावाचा घोळ आजचा नाही. ब्रँडच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटलीतल्या बोलोन्या शहरात विन्चेन्झो कास्कारिओलो नावाच्या चांभाराने एक जड दगड कोळशात भाजला आणि तो उन्हात ठेवून अंधारात नेला की उजळतो, असं त्याच्या लक्षात आलं. त्या दगडातून बनलेलं ते बेरियम सल्फाइड होतं, फॉस्फरसचा त्यात लवलेश नव्हता. पण युरोपात अंधारात उजळणाऱ्या कुठल्याही पदार्थाला तेव्हा ‘फॉस्फरस’च म्हणत आणि त्या दगडालाही तेच नाव मिळालं. पुढे ते नाव एका मूलद्रव्याला कायमचं चिकटलं. आधी चमकण्याला फॉस्फरस म्हणायचं आणि मग चमकतं ते फॉस्फरसमुळे म्हणायचं, हे स्वतःच्याच सावलीला साक्षीला बोलावण्यासारखं आहे.

काजव्याच्या पोटात काय असतं

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या परिसरात, मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी भरून जातात. नाशिकहून घोटीमार्गे तिथे एका संध्याकाळी पोचता येतं. अंधारात दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं की एखादं झाड लुकलुकताना दिसू लागतं. मग लक्षात येतं की हे लुकलुकणं विस्कळीत नाही. सगळं झाड एका तालात उजळतं आणि एका तालात विझतं. नुसता चमकणारा पदार्थ पोटात भरलेला असता, तर हा ताल कुठून आला असता? पदार्थाला थांबता येत नाही. थांबून पुन्हा उजळण्यासाठी कुणीतरी नळ उघड-बंद करावा लागतो.

तो नळ ऑक्सिजनचा आहे. उजेडाला हवा लागते, हे रॉबर्ट बॉइलने १६६७ मध्येच दाखवलं होतं. उजळणाऱ्या कुजक्या लाकडाचा तुकडा त्याने काचेच्या भांड्यात ठेवला, पंपाने हवा काढली आणि तुकडा विझला. हवा आत सोडली आणि तो पुन्हा उजळला. लाकूड म्हणजे खरं तर त्यावरची बुरशी. आपल्या सह्याद्रीत, भीमाशंकरच्या रानात, भर पावसात कुजक्या फांद्या हिरवट उजळतात, त्याही अशाच बुरशीमुळे. पुढे १८८० च्या दशकात राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने उजळणाऱ्या जिवांमधून दोन घटक वेगळे केले. जो खर्ची पडतो तो ल्युसिफेरिन आणि जो ही क्रिया घडवून आणतो तो ल्युसिफेरेज. काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या खंडांत हे दोन्ही असतात. तिथे ऑक्सिजन पोचला की ल्युसिफेरिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि सुटलेली ऊर्जा उष्णतेऐवजी पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. काजवा हातात घेतला तर चटका बसत नाही, तो यामुळे.

इथे पूर्वपक्षाला एक दान द्यायला हवं. काजव्यात स्फुरद आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम मॅकेलरॉयने दाखवून दिलं की एटीपी नावाचा रेणू नसेल तर काजव्याचा दिवा लागतच नाही, आणि एटीपीमध्ये तीन फॉस्फेट असतात. पण एटीपी तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे, मेथीच्या पानात आहे, दह्याच्या विरजणात आहे. ते सगळ्या सजीवांचं ऊर्जेचं चलन आहे. ल्युसिफेरिनला क्रियेसाठी तयार करण्याची किंमत त्या चलनात मोजली जाते. उजेड देणारा रेणू वेगळाच. बाजारात रुपया लागतो म्हणून द्राक्षं रुपयामुळे गोड झाली, असं कुणी म्हणत नाही.

काजव्याबद्दलचा आणखी एक गैरसमज विज्ञानप्रेमींच्या तोंडी असतो: त्याचा दिवा जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम आहे. अनेक वर्षं पुस्तकांमध्ये हा आकडा ८८ टक्के छापला जात होता. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्याने मोजलं तेव्हा तो सुमारे ४१ भरला, म्हणजे शंभर ल्युसिफेरिन खर्ची पडले तर एक्केचाळीस प्रकाशकण निघाले. ही संख्या कमी झाली म्हणून काजव्याची शोभा कमी होत नाही. मोजून मिळालेलं सत्य ऐकीव कौतुकापेक्षा मोठं असतं.

मंडन

खंडन पुरे झालं. आता आपला पक्ष मांडतो.

उजळणं हा कुठल्या एका पदार्थाचा गुण मानू नये. तो ऊर्जेचा व्यवहार आहे. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. अणूतले इलेक्ट्रॉन अशाच पायऱ्यांवर असतात, दोन पायऱ्यांच्या मध्ये त्यांना जागा नाही. कुणीतरी ऊर्जा दिली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. खाली उतरताना तेवढी ऊर्जा परत करतो आणि ती पुष्कळदा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. उतार मोठा असेल तर उजेड निळ्याकडे झुकतो, लहान असेल तर लालकडे. म्हणून चमकणारी वस्तू दिसली की ‘हिच्यात काय आहे?’ याआधी ‘हिला ऊर्जा दिली कुणी?’ हे विचारावं. या एका प्रश्नाने सगळी गर्दी रांगेत उभी राहते.

उष्णतेने दिली असेल तर ती तापदीप्ती: लोहाराच्या भट्टीतला फाळ, बल्बची तार, सूर्य. इथे पदार्थाला महत्त्व नाही. लोखंड असो की तांबं, साधारण सव्वापाचशे अंश सेल्सियसला तापल्यावर मंद लाल दिसू लागतं. जॉन ड्रेपरने १८४७ मध्ये हे मोजलं. रासायनिक क्रियेने दिली तर ब्रँडची बाटली. ती क्रिया जिवाच्या शरीरात घडली तर काजवा, बुरशी आणि कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात निळी लाट उठवणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्म जीव. किरणोत्साराने दिली तर जुनी तबकडी. विजेने दिली तर एलईडी. घासण्या-फोडण्याने दिली तर खडीसाखर. हो, प्रसादाची खडीसाखर. रात्री सगळे दिवे बंद करून दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि पकडीत धरून खडा फोडा. निळसर ठिणगी चमकून जाते. स्फटिक तुटताना त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार साठतात आणि मधल्या हवेतला नायट्रोजन उजळतो. आभाळात वीज चमकते तेव्हाही हवा अशीच उजळते. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये साखरेच्या या उजेडाची नोंद केली आहे.

आणि प्रकाशानेच ऊर्जा दिली तर? मग दोन वाटा. घेतलेली ऊर्जा लगेच, सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात परत केली तर प्रतिदीप्ती. इलेक्ट्रॉन मधल्या एखाद्या ओट्यावर अडकून बसला आणि सावकाश उतरला तर स्फुरदीप्ती. छतावरचा तारा दुसऱ्या प्रकारातला. पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण तर नाशिकच्या घरचंच आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कुठल्याही किराणा दुकानातल्या नोट तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली एक नोट धरा. क्रमांक उजळतात, कागदात विखुरलेले बारीक तंतू दोन रंगांत चमकतात आणि नोटेचा कागद मात्र काळपट राहतो. शेजारी वहीचं पान ठेवा, ते निळसर पांढरं झळकेल, कारण त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. तीच कपड्याच्या पावडरीतही असतात, म्हणून दुकानदाराचा धुतलेला सदराही उजळतो. चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवून त्याच दिव्याखाली धरा. पिवळसर हिरवी झळाळी येईल. हळदीत कुणी रेडियम घातलं नाही आणि फॉस्फरसही. हळदीचा रेणू डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण गिळतो आणि दिसणारा उजेड परत देतो. जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये हा नियम मांडला. परत मिळणारा उजेड घेतलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा असतो, म्हणूनच अदृश्याचं दृश्य होतं. घरातली ट्यूबलाइटही याच नियमावर चालते. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेचे अतिनील किरण आतल्या पांढऱ्या लेपावर पडतात आणि लेप उजेड देतो.

ही वर्गवारी परक्यांची म्हणून कुणी बाजूला सारू नये. मराठीने ती आधीच केली आहे. निखारा धगधगतो, समई तेवते, काजवा लुकलुकतो, घासलेलं तांबं लखलखतं, हिरा चमकतो, चांदणं पसरतं. प्रत्येक क्रियापद वेगळं, कारण बोलणाऱ्याने प्रत्येक उजेड वेगळा पाहिला होता. तो कसा येतो, किती टिकतो, थरथरतो की स्थिर राहतो, हे त्या शब्दांत नोंदलेलं आहे. काजव्याचं संस्कृत नाव खद्योत, आकाशात उजळणारा. हे नाव तो काय करतो ते सांगतं, पोटात काय आहे याचा दावा करत नाही. इतकी बारीक नजर असलेल्या भाषेत आपण सगळे उजेड एका ‘रेडियम’मध्ये कोंबले, हे आपल्या भाषेचंही नुकसान आहे.

शब्दाने काय बिघडतं?

आता पूर्वपक्षाचा शेवटचा आक्षेप. झेरॉक्स चालतं तर रेडियम का चालू नये? दुकानाच्या पाटीवरचा शब्द कुणी पुसावा, असं माझं म्हणणं नाही. शब्द रुळला, रुळू द्या. पण झेरॉक्स म्हटल्याने फोटोकॉपीबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही. रेडियम म्हटल्याने होतो. वस्तू आपोआप, आपल्या अंगच्या द्रव्याने चमकते असा तो समज असतो, आणि तो महाग पडतो.

किती महाग, ते इतिहासात नोंदलेलं आहे. १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावातल्या कारखान्यात तरुण मुली रेडियमच्या रंगाने घड्याळाच्या तबकड्या रंगवत. ब्रशाचं टोक बारीक ठेवायला त्या तो ओठांत धरत. काही वर्षांत त्यांचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे पूर्वी असेच कुजत. त्यामुळे उजळणारा रंग आणि कुजणारा जबडा पाहून सुरुवातीला डॉक्टरांनाही फॉस्फरसचीच शंका आली. रंग तपासला तेव्हा त्यात फॉस्फरस निघाला नाही. खरं कारण सिद्ध होऊन १९२८ मध्ये ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी मुलींना भरपाई मिळेपर्यंत कित्येक जणी गेल्या होत्या. चमकण्याला लावलेल्या एका तयार नावाने खऱ्या कारणाची वाट अडवली होती.

उलट, तयार नाव न स्वीकारल्याने काय मिळतं याचा दाखला आपल्याच देशात, त्याच १९२८ सालचा आहे. १९२३ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक अंधूक, रंग बदललेला उजेड दिसला. त्याला ‘क्षीण प्रतिदीप्ती’ म्हटलं गेलं. द्रवातल्या अशुद्धीमुळे असेल म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, तरी उजेड जाईना. रामन यांचं त्या नावाने समाधान झालं नाही. ते आणि के. एस. कृष्णन मागे लागले आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला उलगडा झाला: ही प्रतिदीप्ती नव्हती, प्रकाश रेणूंशी देवघेव करून रंग बदलत होता. १९३० चं नोबेल पारितोषिक त्या शोधाला मिळालं. ‘प्रतिदीप्ती’ हा शब्द तर शास्त्रीय होता, तरीही तिथे तो चुकीचा होता. मग मोटारीत बसून फेकलेल्या ‘फॉस्फरस’ची काय कथा?

आणि आपल्या इथली किंमत? काजव्याच्या पोटात चमकणारं द्रव्य आहे असं मानणारा माणूस गाडीचे दिवे झाडावर रोखतो, फ्लॅश मारतो, कारण त्याच्या मते काजवा कसाही चमकणारच. तो उजेड नर-मादीचा संकेत आहे, वर्षाचा मोठा भाग अळी म्हणून ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढल्यावर मिळालेल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना जोडीदार शोधायचा आहे, आपल्या दिव्यांनी तो संकेत बुडतो, हे ज्याला कळलं तो दिवे मालवतो. ज्ञानाने वागणं बदलतं ते असं.

दुसरी किंमत रस्त्यावर. गळिताच्या हंगामात उसाने भरलेली ट्रॉली टायर पंक्चर होऊन रात्री रस्त्याकडेला उभी राहते. मागे दिवा नाही, पण मालकाचा जीव निश्चिंत असतो, ‘रेडियम लावलंय ना’. पट्टीवर चिखलाचा थर असतो. वळणावर मागच्या गाडीचा झोत पट्टीवर पडतच नाही. मोटारसायकलचा दिवा मिणमिणता असतो. पट्टीजवळ स्वतःचं काही नाही. जेवढं मिळेल तेवढंच ती परत देणार, आणि काहीच मिळालं नाही तर अंधारच.

पालकांना, शिक्षकांना, भंडारदऱ्याला पाहुण्यांना रात्री फिरवणाऱ्या वाटाड्यांना एवढीच विनंती. मुलाने ‘हे का चमकतं?’ विचारलं तर फॉस्फरस म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. ‘याला ऊर्जा कुठून मिळाली असेल?’ असं उलट विचारा आणि दोघं मिळून शोधा. आणि ट्रॉली उभी करणाऱ्याला सांगणं असं: पट्टी फडक्याने पुसा, मागे दिवा लावा. त्या पट्टीत रेडियम नाही.